एक, दोन, साडेदोन

खोलीत सहा माणसं होती, चाकांची खुर्ची धरून पाच खुर्च्या होत्या आणि एक क्रेन होती. आत्याच्या कामाच्या टेबलावर दातांच्या सात कवळ्या होत्या, चार वरच्या आणि तीन खालच्या. त्यातल्या एका खालच्या कवळीला अजून दाढा बसायच्या होत्या. चहाचे कप सहा. बिस्किटांची बशी एक, पण ती मास्तरांच्या गुडघ्यावर होती, म्हणजे बाकीच्यांच्या दृष्टीने नसल्यासारखीच. चाकांच्या खुर्चीत आत्या होती, दादांची बहीण. उरलेल्या चार खुर्च्यांवर दादा, मास्तर, सिस्टर आणि चिंगी. वहिनी, दादांची बायको, उभी होती. ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, वहिनीच्याही नाही.

क्रेन हे नाव दादांनी ठेवलं होतं. आरोग्य योजनेच्या कचेरीतल्या माणसाने गुरुवारी ते यंत्र आणून सोडलं, तेव्हा त्याने सांगितलेलं नाव बरंच लांब होतं. खाली दोन लांब पाय, पायांना चाकं, मधे खांब, खांबावर पुढे झुकलेला दांडा आणि दांड्याच्या आकड्याला अडकवायची जाड कापडाची झोळी. ज्यांना स्वतःहून उठता येत नाही त्यांना झोळीत घ्यायचं, बटण दाबायचं, यंत्र उचलतं. पण दादांची हयात बंदरावर क्रेनच्या केबिनमध्ये गेली होती. दांडा आणि आकडा दिसल्यावर ते दुसरं नाव कशाला शोधतील? निवृत्त झाल्यापासून नवऱ्याच्या चेहऱ्यावर न दिसलेली तरतरी वहिनीला गुरुवारी दिसली होती, आणि त्यामुळे त्या यंत्राचा तिला जास्तच राग आला होता. तीन दिवसांत तिने त्याला एकच काम दिलं होतं. त्याच्यावर टॉवेल वाळत होते.

"घर एक आणि उद्या मंडळासमोर तोंडं दोन दिशांना," मास्तर म्हणाले. ते दादांचे धाकटे भाऊ, शाळेत गणित शिकवायचे, आणि घरातही फळ्यासमोर उभं असल्यासारखे बोलायचे. "बरं दिसेल का ते? आत्या म्हणणार यंत्र द्या, वहिनी म्हणणार यंत्र नको."

"तोंडांचं तू बोलू नकोस," आत्या म्हणाली. "घरातल्या निम्म्या तोंडांत दात माझ्या हातचे आहेत. तुझे पुढचे दोन धरून."

मास्तरांनी पुढचं बिस्किट बाजूच्या दाढेने तोडलं.

गोष्ट तशी सरळ होती. योजनेने वर्षापूर्वी एक सल्लागार मंडळ नेमलं होतं. अर्धे सभासद स्वतः अपंग, अर्धे त्यांची काळजी घेणारे. या घरातून दोघीही गेल्या होत्या, आत्या एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने. येत्या वर्षात योजना एकच नवी गोष्ट देऊ शकत होती: ज्या घरात माणसाला उचलावं लागतं तिथे एकतर हे यंत्र, नाहीतर रोज काही तास येणारा मदतनीस. "तुम्ही सांगाल तेच करू, पण एकच सांगा," असं कचेरीतल्या बाईंनी बजावलं होतं. मंडळात निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हणून यंत्र या घरी वापरून बघायला दिलं होतं. उद्या या दोघी काय सांगतील त्यावर सगळं ठरणार होतं.

"आमच्या वॉर्डात अशा यंत्राशिवाय, हॉइस्टशिवाय, आता कुणी पेशंटला हात लावत नाही," सिस्टर म्हणाली. ती मास्तरांची बायको, वहिनीची धाकटी जाऊ. इस्पितळात नर्स असल्यामुळे तिला घरातही सगळे सिस्टरच म्हणत. "ताई, राग मानू नका, पण तुम्ही उचलता ते बघून माझ्या अंगावर काटा येतो. पाठ वाकवून, एका बाजूने."

"तीस वर्षांत माझ्या हातून आत्या एकदा तरी पडलीय का?" वहिनीने विचारलं.

आत्या कुणाच्या हातून पडली होती ते सगळ्यांना माहीत होतं. वहिनी एकदा दोन दिवस माहेरी गेली होती, तेव्हा सिस्टर इकडे राहायला आली होती. तिने पुस्तकात असतं तसं म्हटलं, एक, दोन, तीन. पण या घरात तीन म्हणेपर्यंत कुणी थांबत नसे. आत्या एकोणिसाव्या वर्षी गच्चीच्या शिडीवरून पडून, कमरेखालची हालचाल गमावून इस्पितळातून घरी आली, तेव्हा अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, एक गोष्ट लक्षात आली. तीन जवळ आला की पोरगी भीतीने लाकडासारखी ताठ होते, आणि ताठ माणूस दुप्पट जड लागतं. म्हणून ते मधेच उचलायचे. एक, दोन, साडेदोन. अण्णांकडून ते आईंकडे आलं आणि आईंचे गुडघे गेल्यावर वहिनीकडे. या घरात सुनेला किल्ल्या कुणी दिल्या नव्हत्या, साडेदोन दिलं होतं. सिस्टरला ते कुणी दिलंच नव्हतं. आत्याने साडेदोनला खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग वर उचललं, सिस्टरचे हात तिथे पोचलेच नव्हते, आणि दोघी फरशीवर बसल्या. लागलं कुणालाच नाही, आत्या तर पोट धरून हसली. पण तेव्हापासून वहिनी एक रात्रही बाहेर राहिली नव्हती.

"विषय माझ्या उचलण्याचा नाहीच," वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाली. "मंडळात एक शिंपीणबाई आहेत. मुलगा पंचविशीचा, अंगाने दांडगा. खोली एवढीशी की शिलाई मशीन दाराबाहेर काढल्याशिवाय त्याची खाट उघडत नाही. तिथे ही तुमची क्रेन काय छपराला टांगायची? त्या बाईला माणूस हवाय. दोन तास येऊन बसणारा. म्हणजे तिला निवांत आंघोळ तरी करता येईल."

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "पण आपलं दार रुंद आहे. मी मापलं."

"मी काय आपल्या दारासाठी मंडळात बसते?"

"मग कुणासाठी बसतेस?" आत्याने विचारलं.

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी मी बसलेय की. मला तर दुसरं काही येतही नाही, बसण्याशिवाय."

मास्तर खो खो हसले, सिस्टरनेही तोंडावर हात घेतला. वहिनीला हसू आलं नाही. तिने टॉवेल यंत्रावरून उतरवून घड्या घालायला घेतले. हात रिकामे असले की तिला वाद घालता येत नसे.

"तू एकदा तरी वापरून बघितलंस का ते?" चिंगीने विचारलं. ती वहिनीची मुलगी. दुकानदारांची वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नुकती लागली होती, आणि तेव्हापासून घरात अंदाजाने बोलणं अवघड झालं होतं. भाजी चिरून झाल्यावर 'पाव किलो असेल' म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

"बघायचं काय त्यात? झोळी असली तरी माणसाला धरावं लागतंच. डोकं सांभाळा, पाय सांभाळा. मेहनत तीच. वर ते धूड फिरवायचं."

"तीच म्हणजे किती?"

"झालं हिचं सुरू."

"आई, किती ते बघू ना. मी काटा आणलाय."

काटा म्हणजे बसकी लोखंडी फळी होती. तिच्यापासून लांब वायर निघत होती, आणि वायरीच्या टोकाला आकडे दिसणारी पेटी. चिंगीने पेटी टेबलावर कवळ्यांच्या मधोमध ठेवली, तेव्हा सात कवळ्या आकड्याकडे बघून हसल्यासारख्या दिसू लागल्या.

"आधी तू एकटी उभी राहा. मग यंत्राने आत्याला उचलायचं, तू तुला लागेल तेवढा आधार द्यायचा. जो आकडा वाढेल तेवढा भार तुझ्यावर. काटा खोटं बोलत नाही. बोललाच तर आम्ही त्याला जप्त करतो."

वहिनी चपला काढून फळीवर चढली. आकडा थोडा डुलला आणि थांबला. अठ्ठावन्न किलो, दोनशे ग्रॅम.

"वहिनी, तुम्ही वजनाने उतरलात की," मास्तर म्हणाले.

"उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही," आत्या म्हणाली.

चिंगीने फळी चाकांच्या खुर्चीला अगदी लागून सरकवली. सिस्टरने झोळी आत्याच्या पाठीमागून आणि मांड्यांखालून सरकवली. ते तिने फार सफाईने केलं, एकही चुणी न ठेवता, हे वहिनीने मनातल्या मनात मान्य केलं. दादांनी पट्टे आकड्यात अडकवले, प्रत्येक पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि रिमोट हातात घेऊन असे उभे राहिले की जणू समोर जहाज लागलंय.

"मी तीन म्हटलं की बटण," ते म्हणाले. "कळलं का सगळ्यांना?"

"कळलं," सगळे म्हणाले. वहिनीही म्हणाली. तिने वाकून आत्याच्या काखेखाली हात घातले, नुसते आधाराला.

"एक," दादा म्हणाले. "दोन."

आणि आत्या वर होती. खुर्चीपासून वीतभर वर, नेहमीसारखी खुर्चीच्या हातांवर स्वतः रेटा देऊन, बाकीची वहिनीच्या हातांत. झोळीचे पट्टे आकड्यापासून सैल लोंबत होते.

"तीन," दादा म्हणाले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही.

"एकोणनव्वद किलो, सहाशे ग्रॅम," चिंगीने वाचलं. आकडा दिसला की मोठ्याने वाचायची तिला सवयच लागली होती.

वहिनीने आत्याला अलगद खाली ठेवलं, सरळ झाली आणि पदराने कपाळ पुसलं. "बघा. मी काय म्हणत होते? यंत्र लावूनही एकतीस किलो माझ्याच अंगावर."

दादा रिमोटकडे बघत होते. "अगं," ते म्हणाले, "मी बटण दाबलंच नाही अजून."

मास्तर हसायला लागले आणि सिस्टरने त्यांच्या पायावर पाय दिल्यावर थांबले. सिस्टर वहिनीच्या डाव्या हाताकडे बघत होती. तो कमरेवर गेला होता. वहिनीच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिने हात काढून घेतला, पण उशीर झाला होता.

"श्वास," आत्या म्हणाली.

"काय?"

"उचलायच्या आधी तू श्वास कोंडून घेतेस. पूर्वी नव्हतीस घेत. पूर्वी शेजारणीची गोष्ट सांगता सांगता उचलायचीस, वाक्य मधे तुटायचंही नाही. गेल्या हिवाळ्यापासून ऐकतेय मी. माझ्या कानाशीच तर असतं तुझं तोंड."

"थंडीने होतं तसं."

"आणि उन्हाळ्यात?"

वहिनी फळीवरून उतरली आणि तिने टॉवेल पुन्हा हातात घेतले.

"कंबर दुखते तुझी?" दादांनी विचारलं. एवढी वर्षं उंच केबिनमधून खालची माणसं बघायची सवय लागलेला माणूस. शेजारचं माणूस त्यांना नेहमी उशिराच दिसायचं.

"या वयात कुणाची दुखत नाही?"

"पायात कळ जाते का, ताई?" सिस्टरने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर वहिनीला उत्तर देणं सोपं गेलं असतं.

"कधी कधी," ती म्हणाली. "डाव्या."

मास्तरांनी बिस्किटांची बशी टेबलावर ठेवली. त्यांच्या परीने ती मोठी गोष्ट होती.

"आई," चिंगी म्हणाली, "मंडळात तू कुठल्या बाजूला बसतेस?"

"काळजी घेणाऱ्यांच्या. माहीत नाही का तुला?"

"मग वर्षभरात तिथे तू स्वतःबद्दल काय सांगितलंस?"

वहिनी आठवू लागली. न्हाणीघरातल्या स्टुलाबद्दल ती बोलली होती. बसून बसून कातडी लाल होते, म्हणून गादी लवकर बदलून मिळावी, हे तिनेच लावून धरलं होतं आणि मिळवलंही होतं. दवाखान्याच्या उताराबद्दल तर ती इतकं बोलली की कचेरीतल्या बाई स्वतः येऊन उतार बघून गेल्या. सगळं आत्याचं. स्वतःबद्दल तिने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की मी यांची वहिनी.

"आत्याला काय हवं ते आत्या सांगते," चिंगी म्हणाली. "तुला त्यांनी तुझ्याबद्दल विचारायला बोलावलंय."

"माझ्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, पण टॉवेलाची घडी दोनदा चुकली. "मला येतं ते एवढंच. शाळा अर्धी, हातात कुठली कला नाही. भाऊजी शिकवतात, ही इस्पितळ सांभाळते, आत्याचे दात गावभर फिरतात. मला साडेदोन येतं. उद्या बटण दाबायला कुणीही येईल. भाऊजींच्या शाळेतला शिपाईसुद्धा."

आत्याने खुर्ची पुढे घेतली, पण झोळी अजून आकड्यात अडकलेली असल्यामुळे मागे यंत्रही घरंगळत आलं आणि दोघं मिळून वहिनीसमोर थांबली.

"येऊ दे की शिपाई," आत्या म्हणाली. "तो बटण दाबेल आणि तू माझ्या शेजारी बसशील. तीस वर्षांत आपण दोघींनी एकदम बसून चहा प्यायलाय का? आठवून सांग. मी बसलेली आणि तू उभी. वर बघून बघून माझी मान गेली. कंबर तुझी गेली, मान माझी गेली, आणि सगळ्यांना वाटतं, या घरात अपंग एकटी मी."

वहिनीने खरंच आठवून पाहिलं. तिला एकही प्रसंग सापडला नाही.

"आणि मला ही झोळी आवडते असं समजू नकोस," आत्या पुढे म्हणाली. "गुरुवारी त्या माणसाने लटकवलं तेव्हा मला केळ्यांचा घड झाल्यासारखं वाटलं. तेही मी उद्या सांगणार आहे. पण लटकायला मी तयार आहे की नाही, हे मी सांगायचं. तू नाही. तू तुझ्या कमरेचं सांग."

"आणि शिंपीणबाईंचं कोण सांगणार?"

"ताईंचं ते बरोबर आहे," सिस्टर म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण हे वाक्य तिच्या तोंडून फारसं कुणी ऐकलं नव्हतं. "एवढ्या खोलीत हॉइस्ट फिरणारच नाही. वॉर्ड मोठा असतो, म्हणून आम्हाला कळत नाही."

"मग प्रश्नच चुकलाय," मास्तर म्हणाले. "एकच सांगा म्हणे. मी दर वर्षी पेपर काढतो. कधी कधी प्रश्न चुकतो. अशा वेळी पोरांकडून उत्तर काढून घेत बसायचं नसतं, प्रश्न दुरुस्त करायचा असतो."

"आणि पोरांना मार्क?" आत्याने विचारलं.

"सगळ्यांना द्यावे लागतात."

वहिनी काट्याच्या फळीकडे बघत होती. तिच्यावर तिच्या पावलांचे दोन ओलसर ठसे उमटले होते आणि कडेने वाळत चालले होते.

"हा काटा घरोघरी नेता येईल का?" तिने चिंगीला विचारलं.

"येईल. का?"

"उद्या मी सांगणार आहे की आधी घर बघा. दार मापा, खोली मापा. आणि जो माणूस उचलतो त्याला या फळीवर उभं करा. किती उचलतो ते बघा. मग त्याला आणि त्याच्या माणसाला, दोघांना विचारा, यंत्र हवं की मदतनीस. एकाच मापाचे कपडे सगळ्यांना कसे होतील? शिंपीणबाई नाहीतरी हेच म्हणतील."

"आणि आपल्या घरी?" आत्याने विचारलं. "आपल्याला काय हवं?"

"एवढी घाई काय आहे? मघाशी यंत्राची पाळी आलीच नाही. एकदा नीट बघू तर दे."

दादा तातडीने पुढे झाले. पट्टे पुन्हा ओढून पाहिले.

"पण तीन म्हणायचं नाही," वहिनीने त्यांना बजावलं. "साडेदोनला दाबायचं. एवढ्या वर्षांची सवय एका बटणासाठी मोडणार नाही. तुमच्या क्रेनला घरची रीत शिकू दे."

"साडेदोन म्हणजे नेमकं कधी?" सिस्टरने विचारलं.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिनेही आपण होऊन कुणाला सांगितलं नव्हतं, जावेला तर नाहीच.

"इकडे ये," ती म्हणाली. "अशी समोर उभी राहा. हिच्या तोंडाकडे बघ. दोन म्हटलं की ही खालचा ओठ दाताखाली घेते. घेतला की उचलायचं. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

"मी असं करते?" आत्या म्हणाली.

"पहिल्यापासून."

"इतरांचे दात बघण्यात जन्म गेला माझा आणि हे ठाऊक नाही."

सिस्टरने मान डोलावली आणि दादांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथून आत्याचा ओठ नीट दिसेल. "मी सांगते, तुम्ही दाबा," ती म्हणाली. दादांना आयुष्यभर खालून कुणीतरी खूण करायचंच. त्यांनी मुकाट्याने अंगठा बटणावर ठेवला.

चिंगीने फळी पुन्हा खुर्चीला लागून सरकवली आणि वहिनी तिच्यावर चढली. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. तिने ते आधी पाठीमागे बांधले, मग पुढे घेतले, मग सवयीने आत्याच्या काखेकडे नेले.

"तिथे नाही," आत्या म्हणाली आणि झोळीतून आपला उजवा हात बाहेर काढला. बोटांच्या पेरांवर कवळ्यांचं गुलाबी मेण लागलेलं होतं. "दे इकडे."

वहिनीने हात दिला.

"एक," मास्तर आणि चिंगी एकदम म्हणाले. "दोन."

आत्याने ओठ दाताखाली घेतला. सिस्टरने बोट वर केलं. यंत्र बारीक घरघरलं, पट्टे एकेक करून ताठ झाले, आणि आत्या खुर्चीतून सुटी होऊन वर आली. खाली चाकांची खुर्ची रिकामी राहिली. वहिनीचे खांदे सवयीने वर गेले आणि मग त्यांना काही कामच नसल्याने खाली आले. आत्याचा हात तिच्या तळव्यावर टेकलेला होता.

"थांबा, कुणी हलू नका," चिंगी म्हणाली आणि टेबलावर वाकली. आकडा मागेपुढे झाला आणि स्थिरावला.

अठ्ठावन्न किलो, चारशे ग्रॅम.